डब्यावरचा पांढरा दिवा

दि. १२ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,

बाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू, सूनबाई आणि छोटी बरे असाल असं धरून चालतो. तू आता साहेब झालास, पण पत्राच्या वरती लिहायला मला दुसरं नाव सुचत नाही. दुकानात माझ्या शेजारी तोंडात खिळे धरून बसायचास, तेव्हापासून हेच आहे.

घरात फोनला रेंज नाही हे तुला माहीत आहे. पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं. तिथे पोचेपर्यंत मला दम लागतो, तू घाईत असतोस, आणि काय बोलायचं होतं ते उतरताना आठवतं. आईला तर तो चढ आता जमत नाही. म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

घरातूनच फोन लागावा म्हणून तू पाठवलेलं यंत्र मागच्या मंगळवारी आलं. कंपनीच्या माणसाने छपरावर खांब ठोकून थाळी बसवली. तार आत घ्यायला खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, तेही वाकडं. मला विचारलं असतं तर सरळ पाडून दिलं असतं. आतला डबा फळीवर घड्याळाशेजारी ठेवला आहे. त्याला बारीक दिवा आहे. पांढरा असला की थाळीचं आकाशाशी बोलणं चालू, लाल असला की बंद. त्याने सगळं चालवून दाखवलं, फोनवर कुठल्या तरी गावाचं हवामान दाखवलं. तुमच्याकडे तेव्हा झोपेची वेळ होती. आई म्हणाली आत्ताच लावा, मी म्हटलं पोराला कशाला उठवायचं, उद्या लावू.

जाताना तो माणूस म्हणाला, ऊन, पाऊस, गारा, याला काही होत नाही. छपरावरच्या वस्तूला काही होत नाही असं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढलोय मी. असो. ऊनपावसाचा बंदोबस्त मी माझ्या पद्धतीने केला आहे, त्याची काळजी करू नकोस.

पण दुसऱ्या दिवसापासून दिवा लाल आहे. तू सांगितलंस तसं केलं. बंद केलं, शंभर अंक मोजले, चालू केलं. अंक आईने मोजले, मी मधेच चुकतो. पुन्हा केलं. फोनमध्ये एकच ओळ येते, ‘उपग्रह शोधत आहे’. सकाळी उठून बघावं तर शोधतोच आहे. इतका शोधून सापडत नाही म्हणजे तो तिथे आहे की नाही, अशी मला शंका येते.

आईच्या डोळ्यांचं विचारलं होतंस. चष्म्याचा नंबर बदलला आहे, दुसरं काही नाही. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणाले, म्हणजे नवीन चष्मा यायला. त्यांच्याकडे गर्दी फार असते. ती म्हणते, छोटीला एकदा बघायचं आहे, लवकर जमवा. लवकर हा शब्द तिचा आहे.

यंत्र बदलून मिळतं का ते विचार.

तुझे बाबा

दि. १४ मार्च

चि. खिळ्यास,

आशीर्वाद. छोटीचा दात आल्याचं कळलं, आईला सांगितलं. वरचा की खालचा, असं तिने तीनदा विचारलं. मला माहीत नव्हतं.

रविवारी टाकीपाशी आपलं जे बोलणं झालं ते मला लागलं. “बाबा, तुम्हाला ते चालवायचंच नाहीये,” असं तू म्हणालास. मी काय बोललो तेही मला आठवतं. यंत्र पाठवणं सोपं असतं, असं म्हणालो. मग रेंज गेली. बरं झालं गेली.

चालवायचं नसतं तर मी एवढं केलं असतं का? तार बदलली. डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून बारा अंक धरून ठेवली. थाळीचं तोंड तू सांगितलंस त्या दिशेला फिरवलं, मग थोडं अलीकडे, मग पलीकडे. बंद करून परत चालू करा, हे वाक्य तर मला तुझ्या आवाजात झोपेतही ऐकू येतं. माणूस असा बंद करून परत चालू होत असता तर मी कधीच केलं असतं.

थाळीच्या वर काही आड येतंय का, असं तू विचारलंस. शेजारच्या शाळेतल्या बाईंना घेऊन वर गेलो, त्यांनी त्यांच्या फोनवर फोटो काढला आणि खाली शहरात गेल्यावर तुला पाठवला. मिळाला असेल. बघ आणि सांग, काय आड येतंय? झाड नाही, भिंत नाही, विजेची तार नाही. सगळं आकाश मोकळं. म्हणजे खोट तुझ्या यंत्रातच आहे.

बाई वर असताना आई खालून ओरडली, दिवा पांढरा झाला म्हणून. मी खाली येऊन बघितलं, लालच. तिच्या नजरेवर आता काय भरवसा ठेवायचा? तेही तिला बोलून दाखवलं.

चष्मा आलेला नाही. पेल्यात पाणी ओतताना ती बोट आत धरून ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, गार आहे का बघते. दारातून जाताना चौकटीला हात लावून जाते. तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. लिहू नका असं तिने बजावलं आहे.

रोज चारला ती फोनची काच फडक्याने पुसते आणि समोर बसते. चारला तुमच्याकडे सकाळ होते, हे तिने पाठ केलं आहे. आज लागेल का, असं विचारते. मी काय म्हणतो तेही ऐक. ज्याला यायचं नसतं तो वस्तू पाठवतो, असं म्हणतो. ती म्हणते, “तुम्ही गप्प बसा हो, दिव्याकडे बघा.”

कंपनीत तक्रार कर. दुसरा माणूस पाठव, भोक वाकडं पाडणारा नको.

बाबा

दि. २ मे

चि. खिळ्यास,

आशीर्वाद लिहिला की पुढचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. आई आत झोपली आहे.

हे सगळं टाकीपाशी जाऊन फोनवर सांगता आलं असतं. दोनदा चढलो आणि दोनदा तसाच उतरलो. तोंडाने होत नाही. घरातून बोलावं तर ती कायम शेजारी असते. कागद तेवढा तिच्यापासून लपतो, कारण तिला आता वाचता येत नाही. थोडंही नाही. हे आधी लिहून टाकलं म्हणजे बरं.

पंधरा दिवसांपूर्वी कंपनीकडून एक मुलगी आली. यंत्र सुरू झालं, तू आम्हाला बघितलंस, आम्ही तुला, आणि उंदराने तार कुरतडली होती असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. तार धडधाकट होती.

पहिल्या पत्रात मी बंदोबस्त असा शब्द लिहिला होता. तो बंदोबस्त म्हणजे पत्र्याची टोपी. धुराड्याला बसवतो तशी, पण मोठी. जस्ती पत्र्याचा शेवटचा तुकडा दुकान बंद केलं तेव्हा ठेवून दिला होता, तो काढला. छपरावर काही उघडं ठेवायचं नाही, असं माझ्या उस्तादाने मला शिकवलं आणि मी तुला शिकवायला बघत होतो. कड मुरडली, रिव्हेट मारले, सांध्यांना कथील वितळवून झाळ दिली. सहा वर्षांनी हातात कात्री धरली होती. हात कापत होता, म्हणून पत्र्याचं दुसरं टोक तुझ्या आईने धरलं. तिने तेव्हाच विचारलं होतं, “अहो, याने आतल्या आत गुदमरणार नाही ना ते?” मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं.

तुला टोपी म्हणून लिहिलं नाही, कारण तू हसला असतास. आता पत्र्याचं कोण घेतं बाबा, असं म्हणून तू गेला होतास. तुझ्या यंत्रालाही माझा पत्रा लागतो, असं मला एकदा वाटून घ्यायचं होतं.

ती मुलगी छपरावर गेली आणि वाकून टोपीचे सांधे बघत राहिली. मग विचारलं, “आजोबा, ही टोपी कुणी केली?” मी म्हटलं, मी. “फार सुंदर काम आहे,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “पण पत्र्यातून याला आकाश दिसत नाही हो.”

हसली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला म्हटलं, खाली माझ्या बायकोला तार खराब होती असं सांग. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली येऊन तसं सांगितलं.

आता फोटोचं. बाईंनी फोटो काढायच्या आधी मी टोपी काढून बाजूला ठेवली होती आणि थाळी पुसली होती. फोटो नीट यावा म्हणून. बाईंना वरून डोंगर दाखवत मी अर्धा तास घालवला. तेवढ्यात थाळीला आकाश दिसलं आणि खाली दिवा पांढरा झाला. आई ओरडली ती खरंच सांगत होती. तेव्हा तिला दिवा दिसत होता, खिळ्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून पांढरा आणि लाल ओळखू येत होता. मी टोपी परत बसवली, खाली आलो, लाल दिवा बघितला, आणि तुझे डोळे गेलेत असं तिच्या तोंडावर म्हणालो.

डॉक्टरांनी दोन-तीन महिने चष्म्यासाठी सांगितले नव्हते. काय बघायचं ते तेवढ्यात बघून घ्या, असं सांगितलं होतं. तुला कळवू नका, हा तिचा हट्ट. नोकरी टाकून येईल म्हणाली. आणि मी कळवलं नाही त्यात माझाही एक हट्ट होता. मनातून असं होतं की याला न सांगता यावंसं वाटलं पाहिजे. दोन महिने ती चारला काच पुसून लाल दिव्यासमोर बसली, आणि तो दिवा मीच लाल करून ठेवला होता.

मुलगी गेली आणि तुझा फोन लागला. काचेवर छोटी आली. कपाळ तुझं, हनुवटी तुझ्या आईची. आई खुर्चीत बसली होती, तोंड थोडं खिडकीकडे. मी तिची हनुवटी धरून काचेकडे वळवली. तुला वाटलं मी लाडात आलोय, तू हसलास. ती म्हणाली, “अगं माझी बाय, किती गोड दिसतेस.” फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, “कुणासारखी आहे हो?” मी सांगितलं. “तुम्ही नीट बघितलीत ना?” म्हणाली. “मग झालं.”

तू रोज विचारतोस, आई, दिसतोय का मी? ती म्हणते, दिसतोस रे, वाळलास. शर्टाचा रंग मी तिच्या पाठीवर बोटाने सांगतो. एक टिचकी म्हणजे पांढरा, दोन म्हणजे निळा. परवा तू हिरवा घातलास तेव्हा आमचं काही ठरलेलं नव्हतं. छान आहे, एवढंच ती म्हणाली.

टोपी मी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती. मागच्या आठवड्यात चालताना तिचा हात लागला. बसली, मांडीवर घेतली, शेंड्यापासून चाचपली. पत्रा तिने धरला होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही. ही खाली कशी आली, विचारलं. वाऱ्याने पडली, मी म्हटलं. तिने पूर्ण कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, एक चक्कर. म्हणाली, “वाऱ्याने पडली असती तर कुठेतरी चेपली असती.”

पुढे काही बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. चार वाजता काच पुसते. ती शिव्या देईल म्हणून मी रोज वाट बघतो.

टोपीचं पाप माझं, ते मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. न येण्याचं काय ते तू बघ. मला रागही येतो तुझा, तो गेलेला नाही. पण आता ये. छोटीला तिच्या मांडीवर दे. हाताने ती सगळं नीट बघते, टोपी बघितली तसं.

हे पत्र मिळालं की फोनवर यातला एक शब्द काढू नकोस. फक्त त्या दिवशी फोन लागल्या लागल्या, दिसतोय का असं न विचारता, शर्ट कुठल्या रंगाचा घातलायस ते तूच सांग. छोटीला काय घातलंय तेही सांग. पत्र पोचलं असं मी समजेन. बहुतेक तीही समजेल. मग माझं बोट तिच्या पाठीवर ठेवायची गरज राहणार नाही.

तिला दिसत होतं तेव्हा ‘तुला दिसत नाही’ म्हणणारा,
तुझा बाप