आजीचा डाग

आई,

आज बाथरूमची फरशी पॉलिश करून घेतली. चिखलीच्या या फ्लॅटमध्ये तू राहायला आलीस तेव्हा ती नवीकोरी होती, पांढरा मार्बल, आणि मला तिचा केवढा तोरा! गावाकडच्या न्हाणीत शहाबादी फरशीवर तू जन्मभर राख, चिंच, काय वाटेल ते घासलंस, तिने कधी तक्रार केली नाही. इथे मात्र दुकानदाराने बजावलं होतं की आंबट लावायचं नाही, ॲसिड तर नाहीच. साबणाच्या साध्या पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. ते सगळं मी तुला ऐकवलं आणि माझं काम संपलं असं समजलो.

तू दर गुरुवारी देवाचा तांब्या चिंचेने घासायला तिथेच बसायचीस. मग एकदा नळाशेजारी तो गोल डाग दिसला, चकाकी उडालेला, बोटाला खरखरीत. तुझ्या सुनेसमोर, नातीसमोर मी ओरडलो, "आई, ही गावाकडची न्हाणी नाहीये! कितीदा सांगायचं?" तू पदराने ती जागा पुसलीस, बोट फिरवून पाहिलंस. "माझ्याच तांब्यानं झालं आसंल, लेका. निघंल का रं?"

"निघत नाही. दगडच खाल्लाय त्याने."

त्यानंतर तू गॅलरीत कागद पसरून तांब्या घासू लागलीस. शिवाय रोज आंघोळ झाली की गुडघ्यांवर हात टेकत खाली बसायचीस आणि तो डाग पुसायचीस. गुडघे दुखायचे तुझे, मला दिसत होतं. पण 'राहू दे' एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

तू गेल्यावरही घरात त्याला 'आजीचा डाग'च म्हणतात. आज सकाळी पॉलिशवाला यायच्या आधी मी बाथरूममधलं सामान बाहेर काढत होतो. त्यात संडास धुवायची ॲसिडची बाटली होती, बाहेरून ओघळलेली. ती मीच आणतो, रविवारी मीच वापरतो. हात मोकळा करायला ती खाली टेकवली आणि ती त्या गोलात नेमकी बसली. आई, मी चाकणला कंपनीत क्वालिटीमध्ये आहे; गेज लावून मोजल्याशिवाय एक पार्ट रिजेक्ट करत नाही. देवघरातून तुझा तांब्या आणून ठेवून पाहिला. बुडाभोवती बोटभर जागा उरली. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो, लाज वाटली, फार लाज वाटली.

पॉलिशवाल्याने विचारलं, "साहेब, हा पण काढायचा ना?" मी मान हलवली. मशीन फिरलं, पांढरं पाणी जाळीकडे वाहत गेलं. तुझी नात दारातून डोकावली. "पप्पा, आजीचा डाग गेला!"

"हो," मी म्हणालो.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार होतो. पण तो फोटो रोज तुझी नात पुसते. तिच्या हाती लागेल, म्हणून ठेवत नाही.