गाडी गप्प होती म्हणून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकलो आहे, उरलेला भेटीअंती). तुम्हाला जाऊन दीड महिना झाला, पण तपासण्यांचं गुऱ्हाळ संपून तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन एकदाचं नीट पार पडलं, हे भावजींच्या पत्रातून कळलं. वाचायला अजून बंदी आहे म्हणे. म्हणजे हे पत्रही तेच तुला वाचून दाखवत असणार. भावजी, तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूरसुद्धा वाचा, गाळू नका; गाळलेलं तिला बरोबर कळतं.

इकडे सगळे मजेत. तुझी गाडीही मजेत आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू ताडकन उठून बसणार नाहीस.

जाताना तू मला एकच काम सांगितलं होतंस. परत आले की माझी गाडी मी स्वतः चालवणार, कुणाची मिनतवारी करणार नाही, तेव्हा ती तयार ठेव. दर रविवारी बटण दाबून अर्धा तास चालू ठेवत जा. मला गाडी चालवता येत नाही, भावजींनाही येत नाही, अख्ख्या घराण्यात स्टीअरिंग तुझ्या एकटीच्या हातात. त्यामुळे काम मला फार मानाचं वाटलं. पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आत बसलो आणि बटण दाबलं. समोर दिवे लागले, रेडिओ लागला, पण इंजिनाचा आवाज म्हणशील तर काडीचा नाही. आता हायब्रिड गाडी थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर चालते आणि उभी असताना हूं की चूं करत नाही, हे तूच मला दहा वेळा ऐकवलेलं. शिवाय माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. आमच्याकडे करकरतो तो काटा बिघडलेला आणि गप्प असतो तो ठणठणीत. चाळीस वर्षं हेच कान घेऊन जगलो आहे. मनात म्हटलं, काय गाडी आहे, चालू असल्याचं कळूसुद्धा देत नाही. खूश होऊन अर्ध्याऐवजी तासभर बसलो. दुसऱ्या रविवारी तुझी भावजय चहाचा थर्मास घेऊन शेजारी येऊन बसली (आम्ही दोघं इतका वेळ न भांडता बसलो, हेही गाडीच्याच खात्यात धर). तिसऱ्या रविवारी उकडत होतं म्हणून पंखा लावला, आणि तिला विणायचं होतं म्हणून आतला दिवा.

चौथ्या रविवारी गाडीने दारच उघडलं नाही.

आता यंत्राची नाडी मला कळते, असा माझा समज होता. आधी रिमोटचा सेल बदलला. मग रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली सापडली, तिने दार उघडलं, तर आत ठार काळोख. मग गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचलं. त्यातून कळलं, की ह्या गाडीत बॅटऱ्या दोन. थोरली गाडी ओढते आणि धाकटी थोरलीला जागं करते. धाकटीने उठवलं नाही तर थोरली कितीही दणकट असली तरी लोळत राहते (आपल्या घरी नेमकं उलटं होतं, पांघरूण तूच ओढायचीस). ही धाकटी असते डिकीत. डिकी उघडते विजेवर. आणि वीज धाकटीकडे. तुझ्या भावजयीने डिकीवर दोनदा टकटक करून पाहिलं.

मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. कामाचा माणूस, बारा दिवस काही उगवला नाही. आला तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, आतल्या जाड नारिंगी वायरी बघितल्या आणि दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, ह्यांना हात लावून काही झालं तर माझ्या बायकोला सांगायला तुम्ही जाणार का? (मी जाणार नव्हतो.) झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं हळूच बॉनेट लावून तो गेला, पण जाताना एका बॅटरीवालीचा नंबर देऊन गेला.

ही बॅटरीवाली तिशीची, अबोल. बॉनेटखालचं एक झाकण उघडून तिने चिमटे लावले, आत बसून बटण दाबलं आणि गाडी जागी झाली. समोर एक हिरवा दिवा लागला, जो मी महिनाभरात एकदाही पाहिला नव्हता. मी लगेच हल्लीच्या बॅटऱ्यांच्या दर्जाबद्दल चार शब्द बोललो. तिने ते ऐकून घेतले, गाडी बंद केली आणि रविवारी काय करता ते करून दाखवा म्हणाली. मी बसलो, बटण दाबलं. दिवे, रेडिओ, शांतता. तिने विचारलं, ब्रेकवर पाय कुठे आहे? मी म्हटलं, गाडी उभीच आहे, तिला आणखी कशाला थांबवायचं? बॅटरीवालीने तुझ्या भावजयीकडे बघितलं आणि भावजयीने आभाळाकडे.

तर ताई, ब्रेक न दाबता बटण दाबलं की गाडी सुरू होतच नाही. नुसते दिवे, रेडिओ आणि पंखा चालतो, तोही त्या धाकटीच्या जिवावर. म्हणजे गाडी बंद पडू नये म्हणून मी दर रविवारी इमानेइतबारे तिला बंद पाडत होतो. एवढं एक काम दिलंस आणि त्याची मी ही माती केली, ह्याची खरोखर लाज वाटते. आता गाडी उत्तम सुरू होते. तू डोळे चोळू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. यापुढे मला सूचना देताना पायांपासून सुरुवात करत जा.

आणखी एक ता. क. (भावजी, हे मात्र मनातल्या मनात वाचा.) गॅरेजवाला बारा दिवस आला नाही, ही थाप. मी त्याला बोलावलंच नव्हतं. निघताना फाटकाशी तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, गाडी बंद पडली तर दुरुस्तीची घाई करू नकोस, तिची हौस आपोआप फिटेल. त्या वळणावर सायकलवाला तिला दिसला नाही तेव्हा शेजारी तुम्ही बसला होतात, तुमचा आवाज अजून कापतो, म्हणून मी मान डोलावली. पण परवाच्या तुमच्या पत्राच्या तळाशी, बंदी असताना, तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे. तुम्ही पाकीट चिकटवताना पाहिली नसेल. 'गाडी सुरू होते ना?' डोळ्याबद्दल एक अक्षर नाही. मी त्याच दुपारी गॅरेजवर गेलो. तिला आता स्वच्छ दिसणार आहे आणि गाडी चालवायला डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे, असं तुम्हीच लिहिलंत. तेव्हा पाच तारखेला घरी आलात की पहिली फेरी तिला मारू द्या. पुढे तिच्या शेजारी बॅटरीवाली बसेल, मी विचारून ठेवलं आहे. आपण दोघं मागे बसू. भीती वाटली तर खुशाल माझा हात धरा. मी तुमचा आधीच धरलेला असेन.