रजेचा सातवा दिवस

फोज्जा, इटली
नोव्हेंबर १९४४

श्रीमती लुंडीन यांस,

कर्नलसाहेबांच्या सहीचं पत्र तुम्हाला मिळेलच. विमानात दहा जण होते, म्हणून मी आज तशी दहा पत्रं टाइप केली. बोटं भरून आलीत. हे अकरावं मात्र पाठवणार नाही.

आमच्या बॉम्बर दलाच्या मुख्यालयात चार विभाग आहेत. दुसरा शत्रूची खबर काढतो, तिसरा विमानं धाडतो, चौथा पेट्रोल-बॉम्ब बघतो. मी पहिल्यात, हजेरीवर. माझ्या यादीतून तिसरा विभाग माणसं उचलतो.

तुमचा मुलगा एमेट काप्री बेटावर सात दिवसांच्या रजेवर होता. करमेना म्हणून सहाव्याच दिवशी परतला. माझ्या टेबलावर चार लिंबं ठेवून म्हणाला, "वेंडेल, मी आलोच नाही असं समज. उद्या लिही बाबा. एक दिवस नुसतं लोळू दे."

"समोर उभा आहेस आणि आला नाहीस असं कसं लिहू?"

"अरे, तुझ्या कागदाला काय डोळे आहेत?"

बारा वर्षांच्या कारकुनीत मी खोटी हजेरी कधी लावली नव्हती. त्याला हजर दाखवला. दुपारी एमेटसारखाच विमानात मशीनगन चालवणारा एक गनर तापानं पडला, तिसऱ्या विभागानं माझी यादी उघडली आणि त्याच्या जागी एमेटला उचललं. दुसऱ्या दिवशी गेलेलं ते विमान परतलं नाही.

कर्नलसाहेबांच्या पत्रात 'तो आनंदानं गेला' असं वाक्य आहे. ते माझंच. खरं तर तो मला शिव्या घालत गेला.

लिंबं अजून टेबलावरच आहेत. रजेच्या वहीत त्याचा एक दिवस शिल्लक दिसतोय. मला तो खोडवत नाही.

सार्जंट वेंडेल प्रॅट
पहिला विभाग