उंबऱ्यालगतचे चार खळगे

सोनगीर, मंगळवार

प्रिय अक्का,

तुझी ट्रंक न्यायला आज तुझ्या शाळेत आलो, आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना. तुझं तेरावं आटोपून तसाच निघालो, कुणाला कळवलं नव्हतं. पंधरा वर्षं शाळा तपासतोय, पण न कळवता शाळेत पाऊल टाकलं ते आजच!

महारवाड्यातल्या पाच मुली ओसरीवर बसल्या होत्या. नव्या बाई आत फळ्याशी शिकवत होत्या. बाहेर एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग उंबऱ्यालगत मातीत चार खळगे दिसले. तुझ्या खुर्चीच्या पायांचे. तिथं बसून शिकवायचीस, अक्का? आतल्यांना आणि बाहेरच्यांना एकदम?

जातीवरून कुणाला वेगळं बसवायचं नाही, हा सरकारी हुकूम मीच इथं वाचून दाखवला होता. दर तपासणीला आठ दिवस आधी कार्ड टाकायचो. बहिणीची शाळा, म्हणून नियम जास्तच काटेकोर! तपासणीच्या दिवशी जमीन सारवलेली, मुली आत, खुर्ची फळ्याशी. मी शेरा लिहायचो, ‘बैठक हुकमाप्रमाणे.’

तू सांगितलं नव्हतंस असं कसं म्हणू? एकदा भाकरी वाढताना चेष्टेनं म्हणालीस, “साहेब, तुमचं कार्ड आलं की पोरी आत येतात. आज एकीनं विचारलं, ‘बाई, साहेब उद्या बी येतीन का?’”

“तक्रार लिहून दे,” मी म्हणालो.

“देईन की. मग बहिणीची म्हणून बाजूला ठेवशील.”

तू हसलीस. मीही हसलो. का हसलो गं? निःपक्षपाती म्हणवून घ्यायची हौस माझी, आणि ओसरीवर बसायचं त्या पोरींनी! पण तूही एकदा तरी माझ्यावर चिडायचं होतंस. इतकं का सांभाळून घेतलंस मला?

हेडमास्तर म्हणाले, “साहेब, कळवलं असतं तर...”

‘म्हणूनच नाही कळवलं’ असं म्हणावंसं वाटलं, पण ते खोटं झालं असतं. शेरेबुक मागितलं. आज भाऊ म्हणून आलोय, लिहावं का, हा विचार तिथंही आलाच, बघ! तरी पाहिलं ते लिहिलं. माझे जुने शेरे चुकीचे होते, हेही लिहिलं.

ट्रंक धर्मशाळेत ठेवलीय. मुक्काम इथंच. तो प्रश्न विचारणाऱ्या पोरीचं नाव मी तुला विचारलंच नाही, म्हणून पाचीजणींना उत्तर देणार आहे.

उद्या बी येईन. आणि कार्ड यापुढे कुठल्याच शाळेला टाकणार नाही.

तुझा धाकटा,
दामू