वाळू कोणी खाल्ली याची चौकशी आणि चाळणीचा प्रोग्राम

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
माती व वाळू परीक्षण संस्था.

विषय : संगणकाने शास्त्रज्ञांना केलेल्या दमदाटीबद्दल खुलासा व एक विनंती.

संदर्भ : आपली 'वाळू भक्षण प्रकरण' ही नोटीस. सोमवारी भट्टीजवळ मिळाली.

महोदय,

ज्या वर्षी माझ्या मुलाचे लग्न झाले, त्या वर्षी मला पन्नासावे लागले होते आणि पगारपत्रकावर मी अंगठा उठवत होते. सून याच संस्थेत संगणकावर होती. मी चाळणीवर. वाळू भट्टीत वाळवायची, एकावर एक रचलेल्या सात पितळी चाळण्यांतून हलवायची, प्रत्येक चाळणीत राहिलेली तोलायची, हे माझे काम. पुढचा आलेख शास्त्रज्ञ काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काढत. एक टिंब चुकले की दिवस पाण्यात.

सुनेने त्यावर प्रोग्राम केला. खिडकी उघडली की सात चाळण्यांचे चित्र, शेजारी वजनाचे रकाने, खाली एकच मोठे बटण. दाबले की आलेख हजर.

१. चूक झाली की पडद्यावर येणारी वाक्ये माझी आहेत, हे मी कबूल करते. मी कामावर ओरडत असे ते तिने वहीत उतरवून घेतले होते. रकाना रिकामा राहिला तर 'हात झडले का?' नमुना न वाळवता आणला तर 'ओलं कशाला आणलंस? घाई कुणाला सुटलीय?' आणि चाळल्यावर एकूण वजन कमी भरले तर 'उरलेली वाळू खाल्लीस का?' मी तिच्यावर चिडले होते. ती म्हणाली, "आई, तुम्ही ओरडलात की चूक जन्मात विसरत नाही. मग संगणकाने का गोड बोलायचं?"

२. प्रोग्राम ज्याने मागितला त्याला तिने दिला. विस्तव दिल्याने आपली चूल विझत नाही, असे ती म्हणे. त्यामुळे तो एकोणीस प्रयोगशाळांत गेला. त्यांतल्या समुद्रापलीकडच्या एकीने, भाषा न कळल्याने, 'हात झडले का' हे वाळूच्या एका जातीचे नाव समजून अहवालात छापले. ती जात आता आणखी दोन ठिकाणी सापडल्याचे कळते. याला मी जबाबदार नाही.

३. मुख्य प्रकरण. गेल्या महिन्यात एका नमुन्यात चौदा ग्रॅम कमी भरले आणि अहवालाच्या 'शेरा' या रकान्यात 'उरलेली वाळू खाल्लीस का?' हे वाक्य छापून आले. तपासनिसांनी ते खरे धरले. आपण समिती नेमली. चार शास्त्रज्ञांना गोदामातल्या काट्यावर उभे केले. तिघांनी वाळू खाल्ली नाही असे लिहून दिले. चौथ्यांनी कटकट नको म्हणून खाल्ली असे लिहून दिले. आता समिती त्यांना विचारते, कोणत्या चाळणीतली? ते रोज माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मावशी, जरा बारीक असेल ती सांगा हो, घशाखाली उतरेल अशी."

साहेब, वाळू कोणीही खाल्लेली नाही. ती सहाव्या चाळणीच्या जाळीत अडकली होती. मी चाळणी उलटी करून मऊ ब्रशने झाडली. भरली चौदा ग्रॅम. मला कोणी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही.

४. आता आपण ही वाक्ये पुसून नवी घालणार असे कळते. नवी मला दाखवली. 'अवैध निविष्टी. कृपया पुनर्प्रयत्न करावा.' साहेब, मी अक्षरे शिकले ती या खिडकीवर. पडद्यावरचे बोलणे माझेच, त्यामुळे काय लिहिले असेल ते मला आधीच ठाऊक असे. 'हात झडले का' वरून ह कळला, झ कळला. हा अर्ज मी माझ्या हाताने लिहिला आहे. शिव्या पुसायच्या तर पुसा, शास्त्रज्ञांना मी तोंडी देत जाईन. पण खिडकी बंद करताना येणारे शेवटचे वाक्य माझे नाही, सुनेचे आहे. 'आई, झालं. हात धुवा आणि घरी या.' एवढे एक ठेवावे.

५. संगणक विभाग म्हणतो, ते वाक्य ठेवायचे तर मूळ रचनाकाराची सही आणा. त्याबद्दल खाली जोडपत्र तीन पाहावे.

आज्ञेत थोडी कमी, पण कामात चुकार नसलेली,
(सही) चाळणीवाली मावशी
दिनांक : ११ नोव्हेंबर

सोबत :
१) सापडलेली वाळू, चौदा ग्रॅम, पुडीत. समितीने तोलून पाहावी, चाखू नये.
२) सुनेची वही, माझ्या ओरडण्याची. परत मिळावी.
३) मूळ रचनाकाराची सही. जोडता येत नाही. सून गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला दुपारी इस्पितळात वारली.