देवमासा आधी, भिंत नंतर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

(साष्टांग मनातल्या मनातच समज. प्रत्यक्षात कंबरेला पट्टा आहे आणि एकदा वाकलो तर कोणीतरी उचलेपर्यंत तसाच राहीन.) तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर तुला सगळं लख्ख दिसायला लागलंय आणि तेव्हापासून घरात कोणाला स्वस्थता नाही, असं काका म्हणत होते. त्यांचीही तब्येत बरी असेल. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला मध्येच ‘ते राहू दे, आधी जेवलास का ते सांग’ असं म्हणता येत नाही. (जेवलो.)

तर मावशी, तुझा भाचा जिंकला. लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या तू बांधायचीस आणि ‘ह्याचं कसं होणार’ म्हणायचीस, त्या भाच्याने एक अख्खं संग्रहालय एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेलं, देवमाशासकट, आणि ठरल्या तारखेला नेलं. मी तिथे काय करतो हे तू दर भेटीत विचारतेस म्हणून पुन्हा सांगतो. वस्तूंसमोर ज्या छोट्या पाट्या असतात ना, ‘घुबड, नर, भुसा भरलेले’ वगैरे, त्या मी लिहितो. नवी इमारत बांधायला घेतली तेव्हा आमच्या संचालकबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, “तुम्ही नीटनेटकं लिहिता, तेव्हा हलवाहलवीचं वेळापत्रकही तुम्हीच करा.” नीटनेटकं लिहिणं आणि वेळापत्रक यांचा संबंध काय, हे विचारायच्या आत माझ्या कॉम्प्युटरवर नियोजनाचं सॉफ्टवेअर येऊन बसलं होतं.

हे सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर डाव्या बाजूला कामं लिहायची आणि उजवीकडे प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी उमटते. जितके दिवस काम, तितकी लांब पट्टी. मी पहिल्या दिवशी एकच काम लिहिलं, ‘संग्रहालय हलवणे’, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झकास निळी पट्टी मिळाली. संचालकबाईंनी ती पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. (त्यांनी चष्मा काढला की समोरच्याने पाणी प्यायचं असतं.) कामाचे तुकडे करा म्हणाल्या. मग मी इतके तुकडे केले की ‘शिडी आणणे’, ‘शिडी टेकवणे’, ‘शिडीवर चढणे’ अशा वेगवेगळ्या पट्ट्या झाल्या आणि घुबड खाली काढायलाच एक पान लागलं. शेवटी मध्यम मार्ग सापडला. जे काम झालं की नाही हे कोणालाही विचारून ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळतं, ते एक काम.

मग बाण. मावशी, या सगळ्या प्रकाराचा जीव बाणांत आहे. एक काम संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नसेल तर पहिल्या पट्टीपासून दुसरीकडे बाण काढायचा. पहिलं लांबलं की दुसरं आपोआप पुढे सरकतं. मी ही थोर कल्पना घरी येऊन मोठ्या उत्साहाने तुझ्या सुनेला समजावली. ती म्हणाली, “तुम्ही उठल्याशिवाय मला अंथरूण काढता येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. तेव्हा कुठे गेले होते बाण?” मी विषय बदलला.

बाणांच्या पुढची गोष्ट म्हणजे माणसं. कुठलं काम कोण करणार तेही त्यात भरायचं असतं. आमच्याकडे सुतार एकच. तो मी फुलपाखरांच्या कपाटांना लावला, जिन्याच्या कठड्याला लावला आणि देवमाशाच्या पेटाऱ्यांनाही लावला, सगळं एकाच आठवड्यात. सॉफ्टवेअरने त्याचं नाव लाल केलं. ते कागदावर छापून भिंतीवर लागलं आणि सुतार रंधा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. “साहेब, मी काय केलं म्हणून मला लाल केलंय?” मी म्हटलं, लाल म्हणजे तुमच्यावर कामाचा बोजा जास्त झालाय. तो म्हणाला, “मग लाल तुम्हाला करायला पाहिजे.” त्याची समजूत काढण्यासाठी मी सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबलं. ते म्हणे सगळ्यांचा बोजा आपोआप सारखा करतं. केलाही. फक्त त्यापायी उद्घाटन इतकं पुढे गेलं की तोवर संचालकबाई निवृत्त होऊन नातवंडं खेळवत बसल्या असत्या. मी घाईघाईने ते पूर्ववत केलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आता देवमासा. जुन्या इमारतीच्या छताला त्याचा सांगाडा टांगलेला होता, तू पाहिला आहेस. (त्याच्याखाली उभी राहून तू ‘याच्या घरच्यांना कळवलं का?’ असं विचारलं होतंस.) तो उतरवून मागच्या शेडमध्ये ठेवला होता. हाडं साफ करायची, त्यांना लेप द्यायचा, लेप वाळू द्यायचा, मग नव्या दालनात टांगायचा. लेप वाळायला लागणारा वेळ सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. काहीही न करता नुसतं थांबण्याला एवढी अधिकृत जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. आणि सगळ्या कामांमधून जो सगळ्यात लांब रस्ता उद्घाटनापर्यंत जातो, ज्यातलं एक काम जरी घसरलं तरी तारीखच घसरते, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. आमचा क्रिटिकल पाथ थेट देवमाशाच्या पोटातून जात होता. बाकीच्यांना थोडीफार सवड होती. फुलपाखरांना तर भरपूर. ती कधीही आली असती तरी कोणाचं काही अडणार नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारच्या बैठकीत कंत्राटदार छाती पुढे काढून उभा राहिला. त्याचे गवंडी दुसरीकडून मोकळे झाले होते, तेव्हा मोठ्या दालनाची दर्शनी भिंत तो ठरल्यापेक्षा लवकर बांधून देणार होता, याच आठवड्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता समोरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि माझे हात हवेतच राहिले. भिंतीची पट्टी वरच्या भागात होती, ‘बांधकाम’ या शीर्षकाखाली. देवमासा पार खाली, ‘वस्तू’मध्ये. आणि दोघांच्या मध्ये बाणच नव्हता. देवमासा दरवाजातून आत जाईल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. कोणी धरलं, कधी धरलं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी बैठकीतून उठलो तो टेप घेऊन शेडमध्ये गेलो. तिथे हाडांची देखभाल करणाऱ्या बाई असतात. (आम्ही त्यांना हाडवाल्या बाई म्हणतो, त्यांना ते आवडतं.) आम्ही दोघांनी कवटी मोजली. मग नव्या इमारतीत जाऊन दरवाजा मोजला. मग परत येऊन कवटी मोजली, म्हणजे मधल्या काळात ती जरा लहान झाली असेल या आशेने. झाली नव्हती. बाकीची हाडं सुटी सुटी जाणार होती, पण कवटी अखंड, आणि तिला जाण्याजोगी एकच जागा होती, ती म्हणजे कंत्राटदार बुजवायला निघालेली दर्शनी भिंतीची मोकळी बाजू.

मी परत येऊन सगळ्यांसमोर तो बाण काढला. देवमाशाकडून भिंतीकडे. मावशी, मी आयुष्यात बरंच काही पाडलं आहे, पण एका बोटाने इतकं कधी पाडलं नव्हतं. तक्त्यावरच्या सगळ्या पट्ट्या धाडधाड उजवीकडे सरकल्या, भिंत, गिलावा, दिवे, रंग, आणि शेवटी उद्घाटन. निमंत्रणं घरोघर पोचलेली होती. कंत्राटदार म्हणाला, लेप वाळेपर्यंत माझी माणसं रिकामी बसवू काय, कवटी मधून कापा की, नंतर जोडा. त्यावर हाडवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो खाली बसला. संचालकबाईंनी चष्मा काढला.

“तो बाण काढून टाका,” त्या मला म्हणाल्या. “कालपर्यंत नव्हताच ना?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “बाण काढून टाकता येईल बाई. देवमासा लहान करता येणार नाही.”

त्या म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत तारीख परत आणा, नाहीतर पाट्या लिहायला दुसरा माणूस बघते. मी घरी आलो, जेवण गेलं नाही. तुझ्या सुनेने कारण विचारलं. मी देवमासा, लेप, वाळणं, भिंत असं सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “पण वाळायला तो बाहेरच कशाला बसायला हवा?”

खरंच की! लेप वाळायला वेळ हवा होता, शेड नको होती. मीच ते वाळणं शेडला जोडून ठेवलं होतं, कारण पहिल्या दिवशी तसं लिहिलं होतं. कवटीला लेप द्यायचा, ओली असतानाच आत न्यायची, आणि ती आत वाळेल तोवर बाहेर भिंत चढेल. पट्ट्या एकामागून एक नकोत, एकीखाली एक हव्यात! (तुझी सून म्हणते हे तिचं डोकं. मी म्हणतो, पट्ट्या मी सरकवल्या. या मुद्द्यावर आमच्यात अजून बोलणी चालू आहेत.)

हाडवाल्या बाईंची एकच अट होती. गवंड्यांची धूळ ओल्या लेपावर बसता कामा नये, म्हणजे कवटीभोवती लाकडी सांगाडा उभारून चहूकडून कापड ताणायला हवं. म्हणजे पुन्हा सुतार. पण फुलपाखरांना सवड होती ना! मी त्याला कपाटांवरून काढून कवटीवर लावला. त्याने आधी विचारलं, “आता मी कुठल्या रंगात आहे?” मी म्हटलं, निळ्या. “मग ठीक,” म्हणाला, आणि एवढा सुरेख तंबू बांधला की हाडवाल्या बाई दुपारचा डबा त्यातच बसून खायला लागल्या.

कवटी आत गेली तो दिवस मी विसरणार नाही. क्रेन आली, रस्ता अडला, समोरच्या बँकेतले लोक काम सोडून पायरीवर आले. कवटी क्रेनच्या रुंद कापडी पट्ट्यांवर उचलली आणि क्रेनवाल्याने हात हलवून नकार दिला. वाटेत एक मोटार उभी होती. ही कोणाची, म्हणून कंत्राटदार ओरडला, आणि मागून संचालकबाई किल्ल्या शोधत पळत आल्या. (चष्मा तेव्हा डोक्यावर होता.) मोटार हलली, क्रेन वळली, आणि ते भलंमोठं पांढरं डोकं हळूहळू त्या भगदाडाशी आलं. दोन्ही बाजूंना हाताचा पंजा मावेल एवढीच फट. ‘सावकाश, माझ्या राजा, सावकाश!’ असं कोण म्हणत होतं माहीत आहे? कंत्राटदार. कालपर्यंत त्याला कापायला निघालेला माणूस! आत गेल्यावर चाकांच्या गाड्यावरून शेवटचा धक्का आम्ही सगळ्यांनी दिला. माझी कंबर तिथेच गेली. पण कवटी जागेवर बसली तेव्हा बँकेच्या पायरीवरून टाळ्या पडल्या, आणि कंत्राटदाराने पहिली वीट माझ्या हातात दिली. म्हणाला, “साहेब, आता काढा तुमचा बाण.”

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रसंगाला पट्टीऐवजी एक छोटा हिरा असतो, पत्त्यांतल्या चौकटसारखा, आणि त्याला शून्य वेळ लागतो असं धरतात. (त्यात भाषणं धरलेली नाहीत.) मूळ बेत काय होता ते दाखवणारी एक करडी रेघही त्यात कायम राहते, बेसलाइन म्हणतात, म्हणजे आपल्या जुन्या बढाया डोळ्यांसमोर. माझी शेवटची पट्टी त्या रेघेच्या अगदी टोकावर संपली. लोक आत आले, माना वर करून पाहत राहिले, आणि आमच्या संचालकबाई भाषणात म्हणाल्या की हा देवमासा ज्यांच्या हट्टामुळे आत आला ते गृहस्थ मागे उभे आहेत. सगळे वळले. मी उभा होतो ताठ, अगदी ताठ. (पट्टा.)

तर मावशी, आता माझ्याविषयी काळजी करायचं सोड. कामांचा क्रम लावणं, माणसांचा मेळ बसवणं, तारीख पाळणं, यात तुझा भाचा आता तरबेज झाला आहे. काकांना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा लाडका भाचा

ता. क. : तुझी सून म्हणते की मुख्य गोष्ट राहिलीच. या सगळ्या गडबडीत आमचं घर बदलायचं होतं, ते मी कुठल्याच तक्त्यात लिहिलं नाही. जुन्या घराचे मालक उद्या रंगारी घेऊन येतायत आणि नव्या घरात अजून फरश्या बसायच्या आहेत. तेव्हा थोडे दिवस तुझ्या पुढच्या खोलीत राहायला येऊ का? नाही म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

ता. ता. क. : हे पत्र मी सामानाच्या गाडीवाल्याच्याच हाती पाठवतोय, तो मला सगळ्यात खात्रीचा मार्ग वाटला. तू वाचत असताना तो सामान उतरवत असेल. फ्रीज तेवढा उभाच ठेवायला सांग. पत्र जरा लांबलं खरं, पण त्याला कपाट उतरवायला तेवढा वेळ लागतो असं तो म्हणाला होता.