रॉइसच्या रिव्हॉल्व्हरची माशी

मी, ऑरिन थॉर्वाल्ड हालवर्सन, वय एकाहत्तर, धंदा बंदुका दुरुस्तीचा, राहणार केटल फोर्ड, मोंटाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत. डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर बहीण सिग्नेला. तिच्या नवऱ्याने माझ्या कुत्र्याला गोळी घातली होती. त्या नवऱ्याचं नाव कोणत्याही कागदावर येऊ नये.

२. लेथ, लोखंड पकडायचा शेगडा आणि सगळ्या कानशी शेजारीण आग्नेटे फॉस यांची मुलगी इंगा हिला. कानशींना खडू लावावा, तेल नाही.

३. शेरीफचा डेप्युटी डेल रॉइस याचं रिव्हॉल्व्हर तुरुंगातल्या क्लेटस बर्डेटच्या वकिलाला द्यावं. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी आहे, तिला कोणी कानस लावू नये.

नऊ वर्षांपूर्वी ती मी बसवली. नवी माशी मुद्दाम उंच ठेवतात. मग मालकाला सोबत घेऊन गोळ्या झाडायच्या आणि गोळी नेमावर येईपर्यंत माशी थोडी थोडी घासायची. तोवर गोळी खालीच जाते. मी रॉइसला म्हणालो, अजून घासायची आहे. त्याने नळी माझ्या तोंडात कोंबली. दोन दात पडले. म्हणाला, “म्हाताऱ्या, मला नेम शिकवतोस?” मी रक्त थुंकलो आणि म्हणालो, “घेऊन जा.”

त्याच दुपारी तो बर्डेटच्या गोठ्यावर गेला. आदल्या आठवड्यात त्याने बर्डेटच्या भावाला काठीने मारून आंधळा केला होता. बर्डेटने तक्रार केली होती. साठ पावलांवरून रॉइसने त्याच्या छातीवर नेम धरून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही त्याच्या पायांपुढे मातीत शिरल्या. बर्डेटने रायफल उचलली. एका गोळीत रॉइसचा जबडा उडाला, दुसरी मानेतून आरपार गेली.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, डेप्युटीने जमिनीवर इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या आणि आरोपीने त्याचा खून केला. मला एकच प्रश्न विचारला, हत्यार चालतं का. मी म्हणालो, चालतं. बर्डेटला जन्मठेप झाली.

मी भ्यायलो होतो हे खरं. शेरीफच्या कचेरीचं काम माझ्याकडे येत असे, हेही खरं. पण रॉइस मेला याचा मला आनंद झाला होता आणि तो आनंद कोणाला दिसू नये म्हणून मी गप्प राहिलो. पुढे त्याच्या बायकोने ते रिव्हॉल्व्हर माझ्या गल्ल्यावर आदळलं. म्हणाली, “हे माझ्या घरात नको.”

इथवर साक्षीदारांना वाचून दाखवलं. आग्नेटे म्हणाल्या, “म्हणजे तू मेल्यावर, होय ना? तोवर तो बर्डेट सडू दे आत. आणि तू आणखी पाच वर्षं खोकत बसलास तर?”

सबब, कलम ३ माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच लागू. न्यायाधीशांसमोर साठ पावलांवर फळी उभी करावी. नेम मी धरीन. गोळी कुठे पडते ते त्यांनी पाहावं. आग्नेटेंनी गाडी काढली आहे.

उरलेली कलमं परत आलो तर लिहीन.

सही: ऑरिन टी. हालवर्सन
साक्षीदार: आग्नेटे फॉस; लायमन टीग, चारादाण्याचे व्यापारी
केटल फोर्ड, १४ ऑक्टोबर १९५८, सकाळी साडेनऊ